तळणाच्या तुपावरचं इंजिन

श्रावणभाऊंना लबाड ठरवणारं वाक्य माझं होतं.

आज सकाळी ते गेले. कॉलेजच्या या ग्रुपवर कुणीतरी त्यांचा फोटो टाकला. मी खाली 'विनम्र अभिवादन' लिहिलं आणि पुसलं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नागपूरच्या एका कॉलेजात केमिस्ट्रीचा नवा डेमॉन्स्ट्रेटर, ते वर्कशॉपमध्ये रोजंदारीवर फिटर. इतवारीतल्या मिठाईवाल्याकडून ते तळून काळं झालेलं वनस्पती तूप आणायचे. मी त्यात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घालून खाली ग्लिसरीन बसवायचो. वर जे उरायचं, त्यावर ते डिझेल इंजिन चालवायचे.

मे महिन्यात ते मस्त चाललं.

डेमो ठेवला डिसेंबरात. प्रोजेक्ट बघायला कमिटी येणार होती. जमलं तर श्रावणभाऊंना पर्मनंट करायचं प्राचार्यांनी कबूल केलं होतं.

त्या सकाळी कॅनमधलं आमचं इंधन गोठलं होतं. वनस्पती तुपाचंच ते, थंडीत दुसरं काय होणार? मला ते आधी सुचायला हवं होतं. केमिस्ट्री मी शिकलो होतो.

"काहून घाबरता, मास्तर? साध्या डिझेलवर इंजिन गरम करतो, कॅन गरम पाण्यात ठेवतो. मंग आपलं लावतो."

यात लपवाछपवी काहीच नव्हती. थंडीत असंच करतात.

कमिटी वेळेआधी आली. इंजिन सुरू होतं. एका साहेबांनी विचारलं, "हे सगळं तळणाच्या तेलावर?"

श्रावणभाऊ कॅनवर वाकलेले. ते उठायच्या आत मी म्हणालो, "नाही सर. आत्ता साधं डिझेल आहे."

एवढंच बोलून थांबलो.

"दहा मिनिटं द्या साहेब, गरम होऊन राहिलं," श्रावणभाऊ म्हणाले.

"दहा मिनिटांत काय, डिझेलचा डबा लपवणार?"

सगळे हसले आणि चहाला गेले.

दहा मिनिटांनी त्यांनी कॉक फिरवून आमचं इंधन इंजिनाला सोडलं. वर्कशॉपभर बालुशाहीचा वास. बघायला आम्ही दोघंच.

"पाहा मास्तर. चालून राहिलं."

मी चहाच्या खोलीत जाऊन कुणाला बोलावलं नाही.

पुढच्या महिन्यात त्यांना कामावर घेतलं नाही. 'डिझेल लपवणारा' हे नाव मात्र कॉलेजात राहिलं.

मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं की मी खरं बोललो. पण त्याच आठवड्यात विभागप्रमुखांनी या प्रोजेक्टच्या रिपोर्टात कधी न घेतलेली रीडिंग्ज घातली होती. ती माझ्याच अक्षरात फेअर केलेली आहेत. तेव्हा मी शब्द काढला नाही.

रोजंदारीवरच्या, माझ्या जातीबाहेरच्या माणसाबद्दल खरं बोलायला मला काहीच हिंमत लागली नाही.

पुढे ते बेसा गावाकडे शेतकऱ्यांचे पंप दुरुस्त करायचे. एकदा भेटले. मी विषय काढला, म्हणालो, "मी खोटं नव्हतो बोललो."

"नव्हतेच. पण पुढचंही बोलाचं होतं ना."

मग माझ्या मुलांची चौकशी केली. मला ते जास्त लागलं.

पुढचं आज लिहितो, ज्याचा त्यांना काही उपयोग नाही. इंजिन त्या दिवशी आमच्या इंधनावर चाललं. कॅन रिकामा होईपर्यंत चाललं. मी पाहिलं.

श्रावणभाऊ, जय भीम.