ओढ्यातून ओढा शोधताना

लातूर जिल्हा नवाच झाला होता आणि माझं लग्नही. दोन्हींचा कारभार कसा चालवायचा, हे कुणालाच नीट उमगलं नव्हतं. त्या दुष्काळी उन्हाळ्यात बायकोला घेऊन माहूरला गेलो. आमच्यात लग्नानंतर जोडीनं देवीची ओटी भरायची. तोवर नवरीनं तोंडात काही घालायचं नाही.

नांदेडहून मेहुणा आला होता. कॉलेजातला गडी, पाठीवर एनसीसीचा पिठ्ठू. "दाजी, रांग लई मोठी हाय. तवर डोंगर चढून येऊ. पलीकडं उतरलं की ओढा लागतो. तो ओलांडला की मंदिराची वाट."

बायको म्हणाली, "जा. पण मी उपाशी हाय, एवढं ध्यानात ठेवा."

डोंगर चढलो. म्हणजे तो चढला, मी झुडपं धरून त्याच्या मागं खेचला गेलो. दशम्यांची पुरचुंडी वानरानं नेली. पलीकडं उतरलो तर छान रुंद वाळूची वाट, वर गाड्यांच्या चाकोऱ्या. आमच्याकडं पाणी आटलं की बैलगाड्या नदीतूनच जातात. वाळू दिसली की रस्ता, हे पायांना पाठ झालेलं. त्या वाटेनं आम्ही ओढा शोधत निघालो.

"येईना की रे ओढा."

"येईल, दाजी. मला तर गार लागून राहिलं."

गार लागत होतं, कारण पिठ्ठूतला पाण्याचा कॅन गळत होता.

ऊन कललं. दर वळणावर मला बायकोचा उपाशी चेहरा दिसू लागला. तेवढ्यात समोर दगडी पूल आला. खाली सावलीत टेकलो, तर वरून एक जीप गेली.

"रस्त्यावर पूल कशाला बांधला असंल रे?"

"असंल काही सरकारी."

मग त्यानं वर पाहिलं, मग वाळूकडं. "दाजी, ह्योच ओढा."

पुलावर चढून, मागून आलेल्या दुसऱ्या जीपला लोंबकळत मंदिर गाठलं. बायको पायरीवर बसून तांबूल चघळत होती, ओठ लालभडक.

"झाली ओटी भरून."

"जोडीनं?"

"हाव. पुजाऱ्यांनी तुमच्या जागी सुपारी मांडली. शालूच्या पदराशी गाठ मारली. लई शांत बसली बिचारी, कुठं गेली न्हाई."

आता आत जावं की नको, कळेना. गेलो तर देवीपुढं हिचे दोन नवरे व्हायचे. न गेलो तर माझं दर्शन झालं की सुपारीचं? मेहुणा म्हणाला, "दाजी, बाहेरूनच हात जोडा."

जोडले. बायकोनं सुपारी रुमालात अलगद बांधून कमरेला खोचली आणि घरी जाईपर्यंत दर स्टँडवर चाचपून पाहिली. मी गाडीत चढलो की नाही, हे मात्र मेहुण्यालाच बघावं लागलं.