हिरवं हेल्मेट

मर्व्हिन टॉलहर्स्ट खाणीत डंपर दुरुस्त करायचा. ऑस्ट्रेलियातल्या पर्थपासून लांब, त्या लाल मुलखात दोन आठवडे राबायचं, मग विमानाने आठवडाभर घरी. बोलायचा कमी, ऐकायचा मात्र मन लावून. म्हणून कंपनीने त्याला हिरवं हेल्मेट दिलं. ज्याचं मन थाऱ्यावर नसेल त्याने हिरव्या हेल्मेटपाशी जावं, असं ठरलं.

चूक रंगातच होती. ते हेल्मेट अर्ध्या खाणीतून दिसायचं. त्याच्या शेजारी बसलेला माणूसही दिसायचा. अशा दोघांना खबरदारी म्हणून डंपरवरून उतरवलं, घरी धाडलं. त्यांना परत बोलावणं आलं नाही. तेव्हापासून जेवताना मर्व्हच्या टेबलावर कोणी बसेना.

डंपर चालवणारा तरुण लॅकी प्रीविटही बसेना. एरवी तो मर्व्हच्या ताटातले चिप्स पळवायचा. लॅकीची बायको मुलीला घेऊन निघून गेली आणि त्याची झोप उडाली. एकदा त्याचा डंपर वळणावर कडेला घासला. मर्व्हने त्याच्या खोलीचं दार वाजवलं, तर लॅकी आतून म्हणाला, "जा बाबा. कोणी बघेल."

पाळीआधी सगळे गोल उभे राहत आणि आपलं मन कसं आहे ते दहापैकी सांगत. सगळेच आठ सांगत. त्या सकाळी लॅकीनेही आठ सांगितलं. सांगताना त्याने मर्व्हकडे बघितलं नाही.

मग मर्व्हची पाळी आली. "तीन," तो म्हणाला.

हशा पिकला. "आता तू कोणापाशी जाणार, म्हाताऱ्या? आरशापाशी?"

लॅकीला बोलतं करायचं म्हणून मर्व्हने तो आकडा ठरवून ठेवला होता. तोंडातून निघाल्यावर कळलं, तो खराच होता. त्याने हिरवं हेल्मेट काढून हातात घेतलं.

हसणं विरलं. मुकादम नोएलीन हळूच म्हणाली, "सामान भर, मर्व्ह. दुपारचं विमान आहे." आवाज मऊ होता, नियम तोच.

"माझं दोन," लॅकी म्हणाला. "दोनसुद्धा नाही."

दुपारी दोघे विमानात शेजारी बसले. लॅकी लगेच झोपला. मर्व्ह त्याच्याकडे बघत राहिला. पोराची नोकरी आपण घालवली की जीव वाचवला, त्याला ठरवता येईना.

पर्थला उतरताना लॅकी म्हणाला, "घरी कोणी नाहीये. मला तिथे जायचं नाही."

"मग जाऊ नकोस," मर्व्ह म्हणाला. त्याने लॅकीचीही बॅग आपल्या खांद्यावर घेतली.