खोडायच्या राहिलेल्या ओळी

मी धुळ्याचा, कापसाच्या घरचा. गेली काही वर्षं जळगावच्या एका एमबीए कॉलेजात डेटा अ‍ॅनॅलिटिक्स आणि इनोव्हेशन शिकवतो. माझं डोकं लवकर तापतं, हे विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात कळतं. आकड्यांत घाण दिसली की मला राहवत नाही.

मागच्या वर्षी चोपड्याकडची एक मुलगी माझ्याकडे प्रोजेक्टला होती. वडिलांची केळीची बाग. बाग कापणीला कधी येईल याचा अंदाज महिनाभर आधी सांगायचा, म्हणजे कापणीची टोळी आणि ट्रक वेळेत ठरवता येतील, अशी तिची कल्पना. त्यासाठी ती गावोगाव फिरली आणि शेतकऱ्यांच्या वह्यांतून लावणीची व कापणीची तारीख उतरवून आणली. एवढी मेहनत आमच्या वर्गात कुणी केली नव्हती.

लावणीपासून कापणीपर्यंत किती दिवस लागले, याचा तिचा आलेख मात्र मला बघवेना. बहुतेक बागा एका ठिकाणी गोळा झालेल्या आणि बाकीच्या उजवीकडे लांब रेंगाळणाऱ्या. मी म्हणालो, "या नोंदी चुकल्यात. काढून टाक." ती काहीतरी सांगू लागली, मी पुढच्या मुलाकडे वळलो. आठवड्याने पाहतो तर त्या नोंदींच्या ओळी जागच्या जागी. पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदाही त्या तशाच दिसल्या तेव्हा माझा पारा चढला. सगळ्यांसमोर सांगितलं, ओळी काढल्याशिवाय प्रोजेक्टवर सही मिळणार नाही. सही नाही म्हणजे तोंडी परीक्षा नाही, आणि वर्ष वाया.

ती रडली नाही. म्हणाली, "सर, एकदा मळ्यात या. मग नका करू सही."

रविवारी मोटरसायकल काढली ती तिची जिरवायलाच, खोटं कशाला सांगू. तिचे वडील बांधावर उभे होते. मी रेंगाळलेल्या बागांची यादी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी लावणीच्या तारखांवरून बोट फिरवलं आणि शांतपणे म्हणाले, "सर, हाई बठ्ठी कांदेबाग शे. थंडीमा केळ झोपी जास."

म्हणजे ही सगळी कांदेबाग. पावसाच्या तोंडावर लावतात ती मृगबाग आणि दिवाळीच्या आसपास लावतात ती कांदेबाग. कांदेबागेचं रोप कोवळं असतानाच थंडीत सापडतं, वाढ थांबते, कापणी लांबते. केळीवाल्या घरातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. आमच्याकडे कापूस वर्षातून एकदाच लावतात. कांदेबाग हे नाव मी ऐकून होतो, पण केळी लावायचे दोन हंगाम असतात हे माझ्या डोक्यातच शिरलं नव्हतं.

तिथेच खाटेवर लॅपटॉप उघडून मी नोंदी लावणीच्या महिन्यानुसार वेगळ्या केल्या. दोन नीट उंचवटे उभे राहिले. तिचा अंदाज आता दोन्हीकडे बसत होता.

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं सर. दोनदा."

वडिलांनी चहा पुढे केला. मी मान खाली घालून प्यायलो आणि खाटेवरच सही केली.

परीक्षेला नाशिकहून एक वयस्कर सर आले होते. त्यांनीही नेमकं आलेखाच्या त्याच रेंगाळलेल्या शेपटावर बोट ठेवलं, "या ओळी काढल्या का नाहीत?" मी पुढे सरसावणार, तोवर तिने उत्तर द्यायला सुरुवातही केली होती. थंडी, कोवळं रोप, दोन हंगाम, आणि ओळी काढल्या असत्या तर कांदेबागवाल्यांचा ट्रक किती आधी येऊन नुसता उभा राहिला असता, तेही. आवाज कुठेही हलला नाही. सर खूश झाले. म्हणाले, "मार्गदर्शन छान मिळालंय."

तिने ते खोडून काढलं नाही. मला खाली पाडायचं तिच्या मनात नव्हतं, आणि तेच मला सोसवेना. मी उठून उभा राहिलो. "मी तीनदा काढायला सांगितल्या होत्या सर. हिने काढल्या नाहीत. वर्ष जाईल म्हणून धमकावलं, तरी काढल्या नाहीत."

सरांनी चष्मा काढला. "मग तुम्ही हिला शिकवलंत तरी काय?"

"यातलं काहीच नाही," मी म्हणालो. इतक्या अभिमानाने मी वर्गात आजवर दुसरं काही बोललेलो नाही.