बन्सीच्या फियाटची बैठक

लिही मोनिका, मी सांगते तसंच लिही, शाळंतलं घालू नको. बन्सी म्हंजी माझा धाकटा दीर, तुझ्या आज्याचा पाठचा भाऊ. ह्या काष्टीच्या आजूबाजूला इहिरीवर असं एक इंजिन न्हवतं का त्याला बन्सीचा हात लागला न्हाई. डिझेलवर पानी वढायची इंजिनं हुती ना आदी, धक-धक करनारी, ती समदी त्याची. पुढं लाईटच्या मोटारी आल्या, त्या बी त्याच्याच.

हात लई जड त्याचा. नट आवळला की आवळला. तुझा आजा म्हनायचा, "बन्सीनं आवळल्याला नट सोडवायला बन्सीलाच बोलवावं लागतं. धंदा करावा तर असा." बन्सी गालात हासायचा.

आन दुसरं म्हंजी त्याच्या पिशवीत कायम कारखान्याच्या पट्ट्याचं रबर. साखर कारखान्यात उसाचा भुगा वर न्यायला जाड काळा पट्टा आसतो बघ, तो झिजला की बाहीर टाकत्यात. आपल्याकडं समदं त्याच्यावरच चालतं. चपलंचा तळ त्याचा, दाराची बिजागरी त्याची, पंपाचं वायसर त्याचंच. बन्सीनं ते रबर कापून जिथं बसवलं तिथून पान्याचा थेंब गळला न्हाई कधी. म्हनून त्याचा त्या रबरावर इस्वास. देवावर नसंल येवढा.

त्याची बायको कडूबाई लवकर गेली. मागं एकच पोरगी, ज्ञानेश्वरी. तुझी आत्या. माझ्याच मांडीवर वाढली. मला मोठी आई म्हनायची, बापाला नाना.

आता गाडीचं सांगते. श्रीगोंद्याला एक म्हातारे डाक्टर हुते, लिंबाचा मळा हुता त्यांचा. मोटार बिघडली की बन्सी जायचा. डाक्टर पोराकडं ऱ्हायला निगाले तवा म्हनले, "बन्सी, ही फियाट तू ने. भंगारात द्यायचा जीव व्हत न्हाई." जुनी, गोल नाकाची, पांढरी. बन्सीनं आनली, गोठ्याच्या कडंला ताडपत्रीखाली लावली. दसऱ्याला पुसायची, हार घालायचा, चालू करून बघायची, परत झाकायची. येवढंच.

पोरीची सोयरीक जमली ती जामखेडकडची. बघायला आले, तवा तिची सासू पुष्पावतीबाई, तिची नजर गेली गाडीवर.

"गाडी तुमचीच का, पाव्हनं?"

"मंग. दारातली हाय."

"चालती का?"

"न चालायला काय झालं? पोरगी पंचमीला, दिवाळीला ह्याच गाडीतून म्हायेरी येनार."

कुनी इचारलं न्हवतं येवढं. पन पोरीच्या बापाला त्या टायमाला कायतरी मोठं बोलावं वाटतं गं. बोलला. आन ते लोक ते वाक्य गाठीला बांधून घरी घेऊन गेले.

पहिल्या पंचमीला तिला आनायला मुराळी कोन जानार? पोरीला भाऊ न्हाई, म्हनून बापच गेला, येष्टीनं. पुष्पावतीबाई वट्यावर बसल्याली. म्हनली, "गाडी कुटं लावली, पाव्हनं? मला तर दिसंना." जावई हासला. "आमच्या धाकट्या भावजयीचे भाऊ दारात गाडी लावत्यात. हिला काय येष्टीत उभी करून नेताय?" धाडली न्हाई पोरगी. बन्सी हात हालवत आला. दुसऱ्या वर्षी बी तेच.

त्याच्या पुढल्या आखाडात शेजारनीच्या मोबाईलवरनं तिचा फोन आला, मला. म्हनली, "मोठी आई, नानाला सांग, ह्या पंचमीला मला न्या. कसं बी करून न्या." मी म्हनलं, काय झालं गं बाई? तर तिनं फोन ठिवला. मागनं त्या शेजारनीनं परत केला, हळू आवाजात. म्हनली, "आजी, तिला उजवा हात खांद्याच्या वर न्हेता येत न्हाई आता. तुमी या."

बन्सीला सांगितलं. म्हनला, "वहिनी, एकदा आनली की परत धाडायची न्हाई."

मी म्हनलं, मंग चार मानसं घेऊन जाऊ, भावकीतल्या वाल्मिकला घेऊ, तो सरपंचाच्या वळखीचा हाय.

"चार मानसं बघितली की ते दार लावून घेतील. पोरगी आत ऱ्हाईल आन आपन बाहीर. पंचमीला मानानं मागितली तर त्यास्नी न्हाई म्हनता यायचं न्हाई. फकस्त गाडी दारात पायजे."

त्यानं फोन लावला. पुष्पावतीबाई म्हनली, "आना की. ती तुमची पांढरी गाडी आना, भाड्याची नको. पंचमीच्या आदल्या दिशी, दिवस मावळायच्या आत दारात लावा. मंग मी आडवते का बघा."

तवा ताडपत्री निगाली. बॅटरी नवी घातली, टायरीत हवा भरली. गाडी चालू व्हायची, पन पाय काढला की बंद. दमेकऱ्यावानी करायची, वर जायची, खाली यायची, मंग मरायची. बन्सीनं कान लावला. आत कुटंतरी शिट्टी वाजत हुती बारीक. त्यानं साबनाचा फेस केला आन बोटानं लावत गेला. कार्बोरेटरच्या खाली, तो आन इंजिन ह्यांच्या मधी, एक काळा जाड ठोकळा आसतो. त्याच्यावरच कार्बोरेटर बसतो, बन्सी त्याला बैठक म्हनायचा. तिथं फेस लावला तर फेस आत वढून घेतला. ती बैठक उन्हानं, तापानं तडकल्याली, कोपरे झिजल्याले. तिथनं हवा आत जायची.

"सापडलं," म्हनला. तोंड उजळलं त्याचं. "उलसंच काम हाय, वहिनी. बैठक बदलायची."

नवी कुटं मिळंल हे त्यानं इचारलं बी न्हाई कुनाला. पिशवीतनं पट्ट्याचं रबर काढलं. चांभाराची रापी आनली, तिनं कापलं, मधी भोक पाडलं, बाजूला नटाची भोकं. सुबक केलं हुतं हो. बसवलं आन दात खाऊन आवळलं, जसं पान्याच्या पंपाला आवळायचा तसं.

चालू केली तर काय सांगू, एका सुरात. शिट्टी गेली. गल्लीतल्या बाया गोळा झाल्या. बनुबाई म्हनली, "नाना, आता आमाला बी बाजाराला न्या की."

"बस मागं. पन दार धरून बस, ते उघडतं."

समद्या हासल्या. बन्सी बाजारतळापत्तुर जाऊन आला. मी त्याला असा बसल्याला कधी बघितला न्हवता, काचंतनं हात बाहीर काढून.

आदल्या दिशी सकाळीच निगालो. मी संगं, कारन पोरगी आनायची तर बाईमानूस पायजे. लाह्या घेतल्या, हिरवं लुगडं घेतलं, बांगड्या घेतल्या. टाईम लई हुता हातात. श्रीगोंदा गेलं, गाडी मस्त. बन्सी मधीच म्हनायचा, "वहिनी, तिला खोली कोनती द्यायची?" मी म्हनायची, माझ्यापशी झोपंल ती. "तसं नको, तिला येगळी देऊ." असंच बोलत हुतो.

मिरजगाव मागं टाकलं आन गाडी खोकली. एकदा, दोनदा, आन गप.

बन्सीनं इंजिनावरचं टोपन उघडलं. "ढिलं झालं आसंल," म्हनला. पाना घातला, आवळलं. थोडी चालली, परत बंद. परत उतरला, परत आवळलं. आता पहिल्यापेक्षा कमी चालली. जितकं आवळलं तितकी ती मरत गेली, पन त्याच्या हाताला दुसरं काय येतच न्हवतं गं. जल्मभर गळलं की आवळायचं, हेच केल्तं त्यानं.

एक मोटारसायकलवाला थांबला. "आजी, बसा, जामखेडला सोडतो."

बन्सी म्हनला, "गाडी सोडून गेलो तर त्या बाईच्या दारात काय म्हनून उभा ऱ्हाऊ?"

ऊन कललं. शेवटाला एक कांद्याचा टेम्पो थांबला, ड्रायव्हरला दया आली. दोर बांधला बंपरला आन वढत न्हेली आमाला. मी मागं बसून आभाळाकडं बघत हुते. सूर्य झाडाच्या आड गेला, तांबडं झालं, तांबडं बी गेलं. बन्सीनं एकदा बी मान वळवली न्हाई.

घराच्या अलीकडं उतार हाय. तिथं टेम्पोकडनं दोर सोडला, गाडी उतारानं आपोआप दारात न्हेऊन उभी केली, चालू असल्यावानी. पन घरात दिवा लागल्याला हुता.

पुष्पावतीबाई वट्यावर. "दिवस मावळला की, पाव्हनं. तिन्हीसांजंला घरची लक्ष्मी उंबऱ्याबाहेर धाडत न्हाईत. तुमाला ठावं न्हाई व्हय?"

मी पुढं झाले. "इहीनबाई, आमी हितंच पडतो, सकाळी नेतो."

"सकाळी पंचमी. सनाच्या दिशी सून घर सोडून जाती का कुटं?"

जावई गाडीभवती फिरून आला. म्हनला, "मामा, बंपरचा दोर तरी सोडून आनायचा." अर्धा दोर लोंबत हुता तिथं. बन्सीनं खाली बघितलं.

ज्ञानेश्वरी दारात आल्ती. पदर डोक्यावर. वाळून गेल्ती नुसती. तिनं आमच्याकडं न्हाई, गाडीकडं बघितलं. येवढंच इचारलं, "नाना, बिघडली का?"

"उलसं रबर हाय गं. बैठकीचं."

"बरं," म्हनली आन आत गेली.

मी तिच्या मागं जायला लागले तर पुष्पावतीबाईनं दार पुढं केलं. हिरवं लुगडं मी वट्यावर ठिवलं. ते तिला मिळालं का न्हाई, देवाला ठावं.

मंग बन्सीनं गाडी टेम्पोत घालून नगरला न्हेली, नागापूरच्या बाजूला महेंद्र म्हनून जुन्या गाड्यांचा मिस्त्री हाय त्याच्याकडं. मी हुते. महेंद्रनं कार्बोरेटर काढला आन ते रबर बाहीर वढलं. फुगून दुप्पट झाल्यालं, मऊ, चिकाट. आतल्या कापडाचे पदर सुटल्याले. मधलं भोक मिटत मिटत करंगळीयेवढं ऱ्हायल्यालं. पेट्रोल जायला वाटच न्हवती.

"नाना, पेट्रोलला हे फुगतं," महेंद्र म्हनला.

"जल्मभर हेच घातलं मी."

"पान्याला घातलं. त्याला चालतं. आन हे बघा, आवळून आवळून कार्बोरेटरचा पाय वाकवलाय तुमी. ही फियाट हाय नाना, हिला पैलवानाचा हात चालत न्हाई."

चेष्टेनं म्हनला तो, त्याला काय म्हाईत. बन्सी त्या रबराकडं बघत बसला. हातात घेतलं, दाबलं, परत दाबलं.

महेंद्रनं काचंवर पॉलिश पेपर ठिवला आन तो पाय हळूहळू घासून सपाट केला. दुसऱ्या एका मोडक्या फियाटीतनं चांगली बैठक काढली, खाली वर पातळ कागदाचं पॅकिंग लावलं. आवळायला बन्सीलाच दिलं. "बोटानं आदी. मंग हिकडं थोडं, तिकडं थोडं. बास झालं म्हनलं की सोडायचं." बास म्हनल्यावर त्यानं पाना असा खाली ठिवला, जसा तापल्याला तवा.

दिवाळीला फोन लावला, जावयानं उचलला न्हाई. आमी गाडी घेऊन गेलो तर म्हनले, शेतात गेलीया, उद्या या. उद्या गेलो तर म्हनले, पाव्हन्यांकडं धाडलीया. ती शेजारीन बी दिसली तर तोंड फिरवून आत गेली.

पुढली पंचमी आली. आदल्या दिशी भर दुपारी गाडी दारात. बन्सीनं इंजिन बंदच केलं न्हाई. परत चालू न्हाई झाली तर, ही भीती. गाडी दारात सुरसुरत उभी. पुष्पावतीबाईनं आभाळाकडं बघितलं, गाडीकडं बघितलं. बोलायला जागा न्हवती. म्हनली, "जा गं, आला तुझा बाप."

ज्ञानेश्वरी बाहीर आली, हात पुसत. "न्हाई येत मी, नाना. काम पडलंय हितं."

मी तिला धरून गोठ्यामागं न्हेली. म्हनलं, ग्यानू, चल. परत धाडनार न्हाई आमी तुला. बापानं तसं ठरीवलंय, माझी शपथ.

ती लई शांत बोलली. रडली असती तर बरं झालं असतं. म्हनली, "मोठी आई, त्या दिशी मी पिशवी भरून चुलीमागं ठिवली हुती. दोन लुगडी, आईचा फोटू. सकाळधरनं कान रस्त्याकडं. तुमी गेल्यावर ती पिशवी ह्यास्नी सापडली."

मी म्हनलं, मंग?

"मंग काय ते इचारू नको. आता माझ्यानं पिशवी भरवत न्हाई. जा तुमी, ऊन हाय तवर."

मी तिचा हात वढला. डावा वढला. तिनं तो सोडवून घेतला, हळूच, जसं लहान लेकराच्या मुठीतनं पदर सोडवत्यात. आन भांडी घासायला बसली.

मी गाडीत येऊन बसले. बन्सीनं इचारलं, "काय म्हनली?" मला सांगता येईना. तो बसून ऱ्हायला, इंजिन चालू. त्याला वाटलं, पिशवी आनायला गेली आसंल. बराच येळ तसाच बसला गं. शेवटी पुष्पावतीबाई वट्यावरनं म्हनली, "पेट्रोल जळतंय, पाव्हनं. बसताय का निगताय?"

मंग मी म्हनलं, चल बन्सी.

मिरजगाव गेलं, श्रीगोंदा आलं, गाडी एकदा बी खोकली न्हाई. मी नुसती वाट बघत हुते ती बंद पडायची. पडली असती तर बन्सीला खाली उतरून कायतरी करता आलं असतं.