दोन वर्गांमधली कपाटं

शेजारी कुणी सतत ओरडत असताना तुम्ही कधी कुणाला काही समजावून सांगितलं आहे का? लग्नाच्या मांडवात डीजेशेजारी उभं राहून रिक्षावाल्याला पत्ता सांगितला असेल, ते धरू नका. रोज, दोन वर्षं, आणि तेही इंग्रजीचं व्याकरण?

शोभाताई भोयर यांनी सांगितलं.

खापरखेड्याच्या ज्या शाळेत त्या दहावीला इंग्रजी शिकवतात, तिथल्या दोन खोल्यांच्या स्लॅबचे पापुद्रे पोरांच्या डोक्यावर पडायला लागले. खोल्यांना कुलूप लागलं आणि दहावीचे दोन्ही वर्ग प्रार्थनेच्या हॉलमध्ये आणून बसवले. मधे चार लोखंडी कपाटं, एकमेकांना पाठ लावून. मुख्याध्यापक शालिकराम सर म्हणाले, "तात्पुरतं आहे. भिंतीचा प्रस्ताव गेला आहे." प्रस्ताव तेव्हा गेला तो गेला. आपल्याकडं माणसं जातात आणि परत येतात, प्रस्ताव तेवढे परत येत नाहीत.

कपाटांच्या अलीकडं शोभाताईंचं इंग्रजी, पलीकडं देवराव सरांचा इतिहास-भूगोल. देवराव सरांचा आवाज म्हणजे निवडणुकीच्या रिक्षावरचा भोंगा. त्यांनी नद्या वाहवल्या की शोभाताई आवाज चढवायच्या. शोभाताईंनी आवाज चढवला की नद्यांना पूर यायचा. कपाटाला लागून बसणाऱ्या गोलूला नर्मदेच्या सगळ्या उपनद्या पाठ झाल्या, त्याही इंग्रजीच्या तासाला. तो म्हणायचा, "मॅडम, माह्या एका कानात तुम्ही अन् एका कानात सर. मंधात मी काहून आहो, तेच समजून नाई राह्यलं."

दिवाळीनंतर शोभाताईंचा घसा बसला. कोमट पाणी झालं, ज्येष्ठमध झालं, शेजारणीनं सांगितलेला काढा झाला. जानेवारीत एका सकाळी हजेरी घ्यायला तोंड उघडलं तर नुसती हवा बाहेर आली.

शहरात सदर भागातल्या घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून बघितलं. स्वरतंतूंवर गाठी. "सहा आठवडे बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं जास्त ताण येतो."

शोभाताईंनी मोबाइलवर लिहून दाखवलं, दहावीचा वर्ग आहे.

"मग शिकवा," बाई म्हणाल्या, "आणि आवाज कायमचा विसरा."

स्कूटरवर घरी येताना नवरा, दुर्गेशभाऊ, म्हणाले, "बावीस वर्षं झाली लग्नाले, आता कुठं माहा नंबर लागला बोलाचा." दोन दिवस त्यांनी तो आनंद उपभोगला. तिसऱ्या संध्याकाळी टीव्ही बंद करून भाजी निवडत त्यांच्याजवळ बसले आणि म्हणाले, "घर सुनं वाटून राह्यलं वं. काही नाई तर शिव्या तरी दे." शोभाताईंनी मेथीची जुडी त्यांच्या पुढ्यात सरकवली. तेवढंच.

रजा घ्यायची, हे सगळ्यांनी सांगितलं. पण रजा घेतली की वर्ग देवराव सरांकडे जाणार. ते वाईट माणूस नाहीत, पण इंग्रजी म्हणजे त्यांच्या लेखी गाइडमधली उत्तरं घोकून घेणं. आणि शोभाताईंचं नेमकं तेच शिकवायचं राहिलं होतं, जे घोकून येत नाही. लांब वाक्य. एका वाक्याच्या पोटात दुसरं वाक्य, त्याच्या शेपटीला तिसरं.

आता म्हणाल, नाही आलं लांब वाक्य तर पोरांचं काय अडणार आहे? अडतं. शोभाताई शेतकऱ्याच्या घरातून शिकून वर आलेली बाई, त्यांना ठाऊक आहे. छोट्या वाक्यात हुकूम देता येतो आणि हुकूम ऐकता येतो. ये. जा. उचल. पण 'जरी', 'तरी', 'म्हणून', 'ज्यानं' हे आल्याशिवाय हुज्जत घालता येत नाही. ज्याला हुज्जत घालता येत नाही, त्याला कुणीही गेटवरून परत पाठवतं.

म्हणून शोभाताई रजा न घेता शाळेत आल्या, तोंडाला कुलूप लावून.

त्यांनी वह्यांचे पुठ्ठे कापले, त्यांवर ठसठशीत अक्षरात एकेक शब्द लिहिला, सुतळी ओवली आणि पोरांच्या गळ्यात अडकवले. दोघं पुढं उभे केले. एकाच्या छातीवर 'द मॅन', दुसऱ्याच्या छातीवर 'लिव्हज हिअर'. तो माणूस इथं राहतो. झालं वाक्य. मग आणखी तिघांना दंडाला धरून आणलं. 'हू', 'ड्राइव्हज', 'द व्हॅन'. आणि बोटानं दाखवलं, कुठं उभं राहायचं ते शोधा.

तिघं सगळ्यांच्या पुढं जाऊन उभे राहिले. शोभाताईंनी मान हलवली. शेपटीला गेले. पुन्हा नाही.

नूपुर नावाची पोरगी आहे वर्गात, जिभेला धार. ती बाकावरून म्हणाली, "आपल्या बोलीत 'जो' पुढं चालते गा, नवरदेवाच्या घोड्यावानी. 'जो माणूस गाडी चालवते, तो इथं राह्यते.' इंग्रजीत तो मंधात घुसते. घुसा ना 'मॅन'च्या पाठीमांगं."

"अन् मी?" 'लिव्हज हिअर' घातलेला गोलू म्हणाला. "मी 'मॅन'चा हात सोडू काय?"

शोभाताईंनी हात वर केला. नाही, सोडायचा नाही. मधे तीन माणसं आली तरी दोघांनी हात लांबवून एकमेकांची बोटं धरून ठेवायची. मधे कितीही गर्दी झाली तरी मूळ वाक्य तुटता कामा नये. गोलूचा हात ताणून दुखायला लागला. पण तो धडा त्याच्या खांद्यात बसला, आणि खांद्यात बसलेलं लवकर जात नाही.

असे तास सुरू झाले. मग एक गोष्ट झाली, जी कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. पलीकडचा भोंगा हळू झाला. अलीकडून कुणी ओरडत नाही म्हटल्यावर देवराव सर नकळत साध्या आवाजावर आले. एका दुपारी त्यांनी कपाटाआडून डोकं काढलं.

"शोभाताई, आहात काय?"

शोभाताईंनी मान हलवली.

"तुमच्या इकडून आवाजच नाई, तर मले वाटलं सुट्टी झाली." त्यांनी कपाटावर हात टेकला. "मंग इतके दिवस आपण दोघं एकमेकाच्या उरावर ओरडून राह्यलो होतो काय?"

शोभाताईंनी हसून पुन्हा मान हलवली. ते हसू दमलेलं होतं. दोन वर्षं, एक घसा, चार कपाटं, आणि उत्तर हे.

गोष्ट इथंच संपली असती तर गोड झाली असती. पण आपल्या माणसांना उपाशी माणसानं पोटाला फडकं बांधलेलं दिसलं की आधी त्या फडक्याचं कौतुक सुचतं. शालिकराम सरांनी पोरांचे फोटो काढले आणि शाळेच्या ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, 'मूक अध्यापन: एक नवोपक्रम'. मग शोभाताईंना बोलावून म्हणाले, "स्पर्धेला पाठवू. परीक्षक येऊन बघतील. आणि ताई, आता भिंतीचं तरी काय काम आहे? किती सुंदर जमलं तुमचं."

शोभाताईंना खूप बोलायचं होतं. पण बिनाआवाजाचं भांडण म्हणजे मोबाइलवर टायपायचं, समोरच्यानं चष्मा शोधायचा, तोवर राग शिळा होतो. त्या थकल्या होत्या. त्यांनी मान हलवली. होकाराला घसा लागत नाही, हीच तर पंचाईत आहे.

परीक्षक आले, तिघं. हॉल झाडून घेतलेला, गुच्छ तयार. पोरं पुठ्ठे घालून उभी. शोभाताई फळ्याशी आल्या आणि थबकल्या. हॉल इतका शांत कधीच नव्हता. कपाटांच्या पलीकडं कुणीच नव्हतं.

त्यांनी खिडकीतून बघितलं. देवराव सरांचा अख्खा वर्ग मैदानात बसवला होता, उन्हात. पोरांनी डोक्यावर पुस्तकं धरली होती. देवराव सर हातात खडू घेऊन उभे, फळ्याविना.

शोभाताईंनी खडू खाली ठेवला. नूपुरला खूण केली, मैदानाकडं बोट, मग कपाटांकडं. पोरगी बाणासारखी सुटली.

"सर, मॅडम बोलावून राह्यल्या. सगळ्याईले."

"ताई, कशाला, कशाला?" शालिकराम सर कुजबुजले. शोभाताईंनी त्यांना तळहात दाखवला. थांबा.

पलीकडं बाकं खडखडली, वर्ग भरला. देवराव सर कपाटाआडून डोकावले. "कोणत्या आवाजात, ताई?"

शोभाताईंनी हात वर नेला. आणखी वर. आणखी.

देवराव सरांना कळलं. त्यांनी छाती भरून घेतली आणि नर्मदा सोडली.

अलीकडं पोरं वाक्य उभं करत होती, एकेक जण आपला शब्द वाचत होता. मुख्य परीक्षकांनी कानामागं हात धरला. "काय म्हणाला तो?" गोलूनं पुन्हा सांगितलं. "काय?" त्यानं तिसऱ्यांदा सांगितलं, मग वैतागून छातीवरच्या पुठ्ठ्याकडं बोट दाखवलं. नूपुर म्हणाली, "सर, मागच्या बाकावर बसून पाहा. तिथं तर आम्हालेबी काही ऐकू येत नाई."

कुणी बसलं नाही. चहा थंड होण्याआधी तिघं निघाले. जाताना म्हणाले, उपक्रम चांगला आहे, बैठकव्यवस्थेचं बघा.

बक्षीस मिळालं नाही. भिंतही आली नाही. शालिकराम सर महिनाभर शोभाताईंशी धड बोलले नाहीत. सहा आठवड्यांनी आवाज आला, पण अर्धाच, राखेनं घासलेल्या पितळेसारखा खरखरीत. मैदानापलीकडच्या पोराला हाक मारणं आता त्यांना जमत नाही. जूनमध्ये नवी दहावी आली, त्याच हॉलमध्ये, त्याच कपाटांच्या अलीकडं. शोभाताई पुन्हा पुठ्ठे कापायला बसल्या. दुर्गेशभाऊंनी विचारलं, "थकली नाई काय वं?" त्या म्हणाल्या, "थकली. सुतळी दे."

म्हणून तुम्हाला एकच सांगणं. तुमच्या घराजवळच्या शाळेत जा, परवानगी मागा, आणि एक तास मागच्या बाकावर बसा. शिकवलेलं ऐकू आलं तर मुकाट घरी या. नाही आलं, तर तिथंच उभं राहून मोठ्यानं बोला. तुमचा घसा अजून शाबूत आहे.