खांबाचा कापलेला भाग

शहरातल्या वाचनालयांच्या मुख्य ऑफिसात त्याला सगळे ‘खांबवाले’ म्हणत. कुठल्या शाखेत किती माणसं येतात, हे तो कॉम्प्युटरवर रंगीत खांब काढून दाखवायचा. तक्ता बघताक्षणी समजला पाहिजे, हा त्याचा हट्ट. घरात स्वतःचे मोजे कधी सापडले नाहीत, ती गोष्ट वेगळी.

या वेळी एक शाखा बंद करायची होती. त्याने खांब काढले, तर सगळे जवळजवळ सारखेच! साहेब वैतागले. “अहो, यात फरक कुठे दिसतोय? समितीनं बघायचं काय?”

मग त्याने नेहमीची युक्ती केली. खांबांच्या पायाची रेघ शून्यावर न धरता बरीच वरच्या आकड्यावर धरली. फरक लख्ख दिसू लागला. बाकीचे खांब ताठ आणि एकाचा नुसता खुंट. साहेब खूश, तोही खूश. खुंटाखालचं नाव त्याने वाचलं होतं. ती शाखा त्याची ताई सांभाळायची. पण नावं बघून तक्ते काढायचे नसतात, हे त्याचं तत्त्व.

समितीने तक्ता पाहिला आणि ताईची शाखा बंद करायचा ठराव केला.

तेव्हापासून त्याच्या डोक्याचा पार भुगा झाला. आकडा एकही खोटा नव्हता, मग चुकलं कुठे? पहिला तक्ता खरा म्हणावा, तर त्यातून काही कळत नव्हतं. दुसरा खरा म्हणावा, तर ताईकडे बसलेली माणसं त्याने डोळ्यांनी पाहिली होती. शेवटी दुसऱ्या तक्त्याचा कागद घेऊन तो तिच्याकडेच गेला. ती पुस्तकं खोक्यात भरत होती.

“ताई, मी खोटं काही काढलं नाही गं.”

“मी कुठे म्हणते तसं? आमचा खांब एवढासा कसा, तेवढं सांग.”

“खालचा भाग कापला. सगळ्यांचा सारखाच होता ना.”

“त्या भागात कोण होतं?”

“कुठल्याही शाखेत रोज येतात ना, ती माणसं.”

ताईने मान वळवली. खिडकीपाशी तिचे रोजचे वाचक मान खाली घालून वाचत बसले होते.

“म्हणजे हीच की रे,” ती म्हणाली.

त्याला फार लाज वाटली. त्याने तिची पेन्सिल उचलली आणि खुंटाखाली उरलेला खांब काढायला घेतला. कागदावर खाली जागाच नव्हती. तो तसाच टेबलाच्या लाकडावर रेघ ओढत राहिला, आणि ताईने त्याला अडवलं नाही.