उंबरमाळीचं सुतक

माझं माहेरचं आडनाव आज माझ्या चुलत वहिनीच्या आधार कार्डावर आहे, माझ्या नाही. सगळी जळजळ तिथूनच सुरू होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला सालस वगैरे समजायला नको.

मी मुरबाडला राहते. आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं, आता निवृत्त आहे. माहेर टोकावड्याच्या अलीकडे, हमरस्ता सोडून आत. बाबा अजून तिथेच असतात, नव्वदीला टेकलेत. आमच्या आडनावाची घरं मुरबाड तालुक्यात आहेत तशी शहापूर तालुक्यातही आहेत, पण दोन्हीकडचे लोक एकमेकांना फक्त आडनावापुरते ओळखायचे. लग्नपत्रिकेत कुठे नाव दिसलं की कोणी विचारायचं, "हे आपले का?" आणि दुसरा म्हणायचा, "असतील." तेवढ्यावर विषय संपायचा. मग कुणीतरी आडनावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. ठरलं की दसऱ्यानंतरच्या रविवारी वाशिंदला हॉल घेऊन सगळ्यांनी भेटायचं, आणि त्या दिवशी दोन्ही तालुक्यांतल्या घरांची एकच वंशावळ भिंतीवर लावायची. ती कोण करणार, असा प्रश्न आला आणि पहिला हात मी वर केला.

ग्रुपवर एका गृहस्थाने लिहिलं, "ताई, तुम्ही आता सासरच्या झालात, पण करा." त्यातला 'पण' मला आठवडाभर टोचत होता. त्याच्याखाली लगेच वहिनीचा मेसेज, "शहापूरकडे मी विचारून बघते," आणि जोडलेले दोन हात. हिला कोणी 'पण' म्हटलं नाही. ही जव्हारकडची, लग्न होऊन आमच्यात आली, दहा-बारा वर्षांपासून वाशिंदला नव्या बिल्डिंगमध्ये राहते. आमचं आडनाव हिला मंगळसूत्राबरोबर मिळालं आणि माझं तसंच गेलं. बारावी शिकलेली बाई वंशावळ काय करणार, असं मी ह्यांना बोलून दाखवलं. हे म्हणाले, "तुला काय स्पर्धा परीक्षा द्यायचीय का?"

हो, द्यायची होती. भिंतीवर माझाच कागद लागला पाहिजे, एवढं एकच मला हवं होतं. त्या घरात मी जन्मले, त्या शेतात मी भाताची आवणी केली, आणि आता त्या घराचा इतिहास सांगायला बाहेरची बाई उभी राहणार? मग मी कोण?

मी कामाला लागले. तहसील कचेरीत जमिनीच्या जुन्या फेरफारांसाठी अर्ज टाकले, खेपा घातल्या. मोडी वाचणारे एक काका कल्याणात शोधून काढले. शेवटी त्र्यंबकला गेले. तिथल्या उपाध्यायांकडे गावागावांच्या लांबट वह्या असतात, जो कोणी पिंडदानाला येतो त्याचं नाव, बापाचं नाव, भावांची नावं त्यात उतरवलेली असतात. आमच्या गावाच्या पानावर माझ्या पणज्याचा बाप सापडला, त्याचा बाप सापडला, आणि सर्वांत वर एक पुरुष, त्याचे दोन मुलगे. थोरल्याची आमची ओळ. धाकट्याच्या नावापुढे फक्त 'गाव सोडून गेला' एवढंच. कुठे गेला, ते नाही. सात पिढ्या हातात आल्या म्हणून मी येताना बसमध्ये एकटीच हसत होते.

त्याच संध्याकाळी वहिनीचा फोन. "वन्सं, त्र्यंबकला गेलावतात म्हणे. काय मिळालं का?"

मी म्हटलं, "नाही गं. वह्या अगदी जीर्ण झाल्यात. काही लागत नाही."

सरळ खोटं बोलले. शाळेत पोरांना ज्यासाठी अंगठे धरून उभं केलं असतं, ते मी फोनवर सहज करून मोकळी झाले. ती बिचारी म्हणाली, "ऱ्हाऊ दे, तुमी दमला असाल, जेवून घ्या."

पण खरी आग लागली ती बाबांमुळे. बाबांच्या आजीचं नाव मला हवं होतं. तीन वेळा विचारलं, वही-पेन घेऊन समोर बसून विचारलं. तिन्ही वेळा बाबा म्हणाले, "काय ठाव गो. मोठी आय म्हनायचो आमी." आणि पंधरा दिवसांनी ग्रुपवर वहिनीचा मेसेज! आजीचं नाव, तिचं माहेर, तिच्या हनुवटीवर गोंदण होतं, ती तोंडाने शीळ घालून गुरं वळवायची. ही म्हणे गावी गेली होती, बिरड्यासाठी बाबांबरोबर ओटीवर वाल सोलत बसली होती, आणि सोलता सोलता बाबा बोलले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी बाबांना फोन लावला आणि जाबच विचारला, मला का नाही सांगितलंत.

"तू कुठं इचारलंस?" बाबा म्हणाले. "तू तर लिवत बसलीवतीस."

त्यानंतर मी माहेरी महिनाभर गेले नाही. बाबांना ते कळलंच नसणार, कारण वहिनी दर रविवारी जात होती.

मेळाव्याच्या दिवशी मी ठेवणीतली साडी नेसून, फाइल पिशवीत घालून वाशिंदला पोचले. माझी वंशावळ चांगल्या जाड कागदावर होती, रेघा पट्टीने मारलेल्या, अक्षर वळणदार. हॉलमध्ये शिरले तर भिंतभर फ्लेक्स लागलेला. वहिनीचा. मला कोणी विचारलंसुद्धा नव्हतं. अर्थात मी 'काही मिळालं नाही' असं सांगून बसले होते, तेव्हा विचारणार तरी काय.

मी चष्मा लावून चुका शोधायला लागले. चूक सापडेना. उलट मुरबाडकडची ओळ आणि शहापूरकडची ओळ वर एका ठिकाणी जोडलेली होती. जो सांधा मला त्र्यंबकच्या वहीत मिळाला नाही, तो हिला कुठून मिळाला?

वहिनीने माइकवर सांगितलं. तिला जुने मोडी कागद वाचता येत नाहीत म्हणून तिने गावोगाव फक्त बायकांना विचारलं, आणि एकच विचारलं: तुमी कोणाच्या मरणाचं किती दिवस धरता? सुतकाचे दिवस बाईला पाठ असतात. कारण चूल तिची, देव्हारा झाकायचा तिने, सणाचं तळण थांबवायचं तिने. दहा दिवस धरलं तर ते भाऊकीतले. पुरुष नाव विसरतो, पण बाई दिवस विसरत नाही. विचारत विचारत ती शहापूर तालुक्यातल्या उंबरमाळीला पोचली, आणि तिथे एका म्हातारीने सांगितलं ते तिने म्हातारीकडूनच वदवलं. म्हातारी पहिल्या रांगेत खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. माइक तोंडापाशी धरल्यावर ती दचकली.

"टोकावड्याकडल्या एका घराचं आमी दहा दिवस धरतू," ती म्हणाली. "सासूनं सांगलं, तिला तिच्या सासूनं. का धरायचं ते मी नाय इचारलं. ते लोक मी कदी बघले पन नवते."

ते एक घर म्हणजे माझ्या बाबांचं घर.

आणि मग मला आठवलं. मी तिसरीत-चौथीत असताना एका दिवाळीला आमच्याकडे काहीच तळलं नव्हतं. चकलीची भाजणी दळून आणलेली होती. वसुबारसेच्या दिवशी एक माणूस एस्टीने आला, ओटीवर टेकला नाही, पाणी प्यायला नाही, निरोप सांगून उलट पावली गेला. आईने भाजणीचा डबा वर फळीवर ठेवून दिला. मी हातपाय आपटून रडले, कोण मेलंय म्हणून विचारलं. आई म्हणाली, "उंबरमाळीचं कोनीतरी." मी म्हटलं, आपण त्यांना ओळखतो का? आई म्हणाली, "नाय. पन धरायला लागतं."

म्हणजे सांधा माझ्याजवळ होता. कचेरीत खेपा घालताना, त्र्यंबकला वह्या उलटताना तो माझ्याजवळच होता. मी तो स्वतः भोगला होता, त्याच्यासाठी रडले होते, आणि मला कधी वाटलं नाही की हाही पुरावा असतो. शिकलेली मी, त्यामुळे पुरावा म्हटला की शिक्का हवा. आणि ही कुठली कोण, जी त्या दिवाळीला जन्मलीसुद्धा नव्हती, ती माझ्या आईने धरलेलं सुतक माझ्यासमोर माइकवरून सांगत होती. इतका मत्सर मला आयुष्यात कुणाचा वाटला नाही.

फ्लेक्सवर दोन ओळी जिथे जुळत होत्या, तिथे एक चौकोन कोरा होता. त्याच्याखाली बारीक अक्षरात छापलेलं: 'हे नाव मुरबाडच्या वन्सं शोधत आहेत.' वहिनीने मला हाक मारली, हातात स्केचपेन दिला. तिला माहीत होतं का, मी खोटं बोलले ते? तिच्या डोळ्यांत मी नीट पाहिलं, काही कळलं नाही. मी चौकोनात त्या पुरुषाचं नाव लिहिलं, खाली दोन्ही मुलग्यांची लिहिली. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांनी मला अजिबात बरं वाटलं नाही.

लिहिताना खाली बाबांच्या नावाकडे नजर गेली. बाबांच्या खाली माझ्या भावाचं नाव, आणि शेजारी माझं. माहेरचं, शाळेच्या दाखल्यावरचं. तिने सगळ्या घरांतल्या सगळ्या लेकी लिहिल्या होत्या, सुनाही. माझ्या पिशवीतल्या जाड कागदावर एकही बाई नव्हती. वंशावळीत बायका नसतात, त्र्यंबकच्या वहीतही नव्हत्या, म्हणून मीही घातल्या नाहीत. वहिनीला गाळलं याचा मला गुपचूप आनंदही झाला होता. त्या नादात मी स्वतःलाही गाळलं होतं, आणि ते आत्ता लक्षात येत होतं.

जेवणाच्या वेळी उंबरमाळीच्या म्हातारीने माझा हात धरला. "तू त्या घरची लेक ना? मी मेले की तुला काय लागायचं नाय हां. लेक परक्या घरची. तुजी वयनी धरंल." ती हसली, बोळक्या तोंडाने. मीही हसले. पिशवीतली फाइल मी कोणालाच दाखवली नाही.

दिवाळी तोंडावर आली. मी चकलीचं पीठ मळून ठेवलं, गॅसवर कढई चढवली, तेल तापायला लागलं होतं. वहिनीचा फोन आला. "वन्सं, उंबरमाळीची आजी गेली. आमी दहा दिवस धरतू, बाबांकडं पन सांगलंय." मग घाईघाईने, मला धीर दिल्यासारखं म्हणाली, "तुमाला नाय हां काय. तुमी फराळ करा."

मी फोन ठेवला आणि गॅस बंद केला.

ह्यांनी स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं. पिठावर ताट झाकताना पाहून म्हणाले, "काय झालं? सोऱ्या मोडला का?" मी सांगितलं, कोण गेलं आणि मी काय करणार आहे. हे म्हणाले, "अगं, तुला कुठे सुतक लागतं तिचं? एकदा तर भेटलीस."

"माहीत आहे मला."

"मग देवपूजा?"

"दहा दिवस तुम्ही करा."

मी त्यांना सांगितलं नाही की ह्यात दुःख किती आणि हेवा किती, ते माझं मलाच मोजता येत नाही. म्हातारी माझी कोण होती? पण तिचं सुतक वहिनीला आणि मला मात्र फराळ, हे मला सहन होईना. आईने त्या दिवाळीला भाजणीचा डबा फळीवर ठेवून दिला होता, तसाच मी तळणीचा झारा धुऊन वर ठेवून दिला.

दहाव्या दिवशी सकाळी वहिनीने पुन्हा फोन केला, तेराव्याला उंबरमाळीला येणार का विचारायला. आणि सहज म्हणून, "फराळ कसा झाला, वन्सं?"

"केला नाही," मी म्हटलं. "उद्या सुटतंय माझं."

वहिनी म्हणाली, "माजं पन."